आजार बरा होतो, माणूस मात्र खाटेवरच राहतो: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य

विषय: दुर्बल झालेल्या वृद्धांची देखभाल कशी करावी, याचे प्रशिक्षण डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचाऱ्यांना देण्याबाबत.

महोदय, सविनय नमस्कार.

मी नागपुरात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. माझे बहुतेक पेशंट सत्तरीच्या पुढचे. महालातलं जुनं घर असो की मनीषनगरातला फ्लॅट, बोलावणारे सांगतात ते सारखंच असतं: "दवाखान्यातून आणलं तेव्हापासून उठतच नाहीत." न्यूमोनिया गेलेला असतो, लघवीचं इन्फेक्शन गेलेलं असतं, रिपोर्ट नॉर्मल असतात. पण भरती होण्याआधी जे आजोबा चौकातून दूध आणायचे, त्यांना संडासापर्यंत न्यायला आता दोन माणसं लागतात.

घरचे म्हणतात, वय झालं. मला त्रास याचा होतो की डॉक्टर आणि सिस्टरही तेच म्हणतात, कारण त्यांना वेगळं काही शिकवलेलंच नसतं. ही दुर्बलता म्हणजे नुसतं वय नव्हे. वजन आपोआप उतरणं, सतत थकवा, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं या पाचांपैकी तीन गोष्टी दिसल्या की माणूस दुर्बल समजावा, ही कसोटी 2001 पासून वैद्यकशास्त्रात आहे. अशा माणसाला साधा ताप किंवा दोन दिवसांचे जुलाबही आडवं करतात. वेळेवर ओळखलं तर ताकदीचा व्यायाम, पुरेशी प्रथिनं आणि औषधांची छाटणी यांनी बरंच काही परत मिळवता येतं. ओळखायला यंत्र लागत नाही. चार मीटर चालायला पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, तर पुढची तपासणी करावी. त्यासाठी वॉर्डाचा कॉरिडॉर आणि हातातलं घड्याळ पुरतं.

वॉर्डात काय होतं ते सांगते. पेशंट पडू नये म्हणून त्याला खाटेवरून उतरू देत नाहीत. डायपर लावतात, गरज संपली तरी लघवीची नळी तशीच ठेवतात. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. एका सिस्टरवर वॉर्डभर पेशंट असतात आणि आजी पडल्या तर जाब तिलाच द्यावा लागतो. पण धडधाकट ज्येष्ठांना फक्त दहा दिवस खाटेवर ठेवून केलेल्या एका अभ्यासात त्यांच्या पायांचं सुमारे एक किलो मांस झडलं होतं. आधीच वाळलेल्या पायांचं काय होत असेल, ते मी रोज हाताने चाचपते.

रात्रीचा गोंधळ हीसुद्धा अशीच न शिकवलेली गोष्ट. भरती झाल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्री आजी सलाईन ओढतात, मुलीला ओळखत नाहीत, मेलेल्या बहिणीशी बोलतात. मग हात खाटेला बांधले जातात, झोपेचं इंजेक्शन दिलं जातं. तो बहुधा वेडाचा झटका नसतो. इन्फेक्शन, पाण्याची कमतरता, तुंबलेली लघवी, एखादं नवीन औषध यामुळे मेंदू तात्पुरता भांबावतो. त्यातच चष्मा, कवळी आणि कानाचं यंत्र हरवू नये म्हणून नातेवाइकांनी पिशवीत घालून घरी नेलेलं असतं! काही आजी उलट अगदी गप्प होतात. "छान झोपून आहेत" असं सगळे म्हणतात, आणि त्यांचा भ्रम कुणाच्या लक्षातच येत नाही.

औषधांचंही तसंच. मागच्या उन्हाळ्यात सक्करदऱ्याकडच्या एका आजोबांकडे गेले. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, दोनदा पडले होते. त्यांची औषधांची पिशवी मी खाटेवर ओतली. रक्तदाबाची तीच गोळी दोन वेगवेगळ्या नावांनी दोन डॉक्टरांनी लिहिलेली होती, शिवाय लघवी जास्त करवणारी गोळी, आणि बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन. आडवं असताना रक्तदाब मोजला, मग उभं करून मोजला, तर वरचा आकडा तीसने खाली आला. दोन्ही डॉक्टरांना फोन केल्यावर गोळ्या कमी झाल्या. बसून आणि उभं राहून रक्तदाब मोजणं नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही जमेल. विदर्भाच्या मे महिन्यात तर ते सक्तीचंच हवं.

महोदय, कायदा आणि योजना नाहीत असं नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 20 मध्ये प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी राखीव सोय असावी आणि तिचा प्रमुख वृद्धसेवेचा अनुभव असलेला वैद्यकीय अधिकारी असावा, असं लिहिलेलं आहे. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून चालू आहे. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. खाट मिळेल, खर्चही भागेल. त्या खाटेशेजारी उभ्या राहणाऱ्याला काय येतं, हा माझा प्रश्न आहे. 2011 च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीपुढचे लोक जवळपास दहा टक्के होते. तेवढ्यांना पुरतील इतके वृद्धरोगतज्ज्ञ घडायला पिढ्या जातील. पदव्युत्तर जागा जरूर वाढवा, पण माझी मागणी त्याच्या खालच्या पायरीची आहे.

नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं तुमच्या खात्याखाली आहेत. गडचिरोली-गोंदियापासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे म्हातारे तिथे येतात. सुरुवात तिथूनच करा. इंटर्न, सिस्टर, फिजिओ, फार्मासिस्ट आणि स्ट्रेचर ढकलणारे मामा-मावशी यांना एकत्र, वॉर्डातच, पेशंटसमोर शिकवा. सभागृहात चार स्लाइड दाखवून प्रमाणपत्र वाटू नका. मामांना शिकवणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण आजोबांना खाटेवरून उतरवतात ते मामाच. काखेत हात घालून ओढलं की खांदा जातो. पेशंटला खाटेच्या कडेला आणून, पाय टेकवून, पुढे झुकवून उभं कसं करायचं, हे एका दुपारी शिकवता येतं.

परीक्षेत जे येत नाही ते विद्यार्थी वाचत नाहीत. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने एमबीबीएस, नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत दुर्बल वृद्धाची तपासणी ठेवावी. एमबीबीएसची मुलं आता कुटुंबं दत्तक घेतात, त्या घरातल्या आजीची चाल आणि गोळ्यांची पिशवी तपासणं त्यांच्या वहीत आलं पाहिजे. आशाताईंच्या तपासणी फॉर्ममध्ये साठीपुढच्यांसाठी प्रश्न आहेतच: उभं राहताना-चालताना तोल जातो का, आंघोळ-कपड्यांना मदत लागते का, जवळच्यांची नावं विसरता का. उत्तर "हो" आलं तर पुढे कोणी काय करायचं, हे आशाताईंना आणि त्यांच्या वरच्या डॉक्टरलाही शिकवा. ते खातं तुमचं नाही, सार्वजनिक आरोग्य विभागाचं आहे, याची मला कल्पना आहे. म्हणूनच दोन्ही मंत्र्यांनी एकत्र बसून हा निर्णय घ्यावा.

हिवाळी अधिवेशनाला आपण नागपुरात येता. त्या काळात एका सकाळी मेडिसिनच्या वॉर्डात या आणि साठीपुढच्या प्रत्येक पेशंटबद्दल विचारा: हे भरती होण्याआधी चालत होते का, आणि काल किती चालले? उत्तर केसपेपरवर लिहिलेलं असावं, एवढा एक आदेश तरी त्याच दिवशी काढा. शिकवायला माणसं कमी पडली, तर माझ्यासारख्या शहरातल्या फिजिओथेरपिस्टना बोलवा. मी येईन.

आपली,
नागपुरातील एक फिजिओथेरपिस्ट