पाण्याच्या नळीतला बँड

नौपाडा, ठाणे

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस की, सोळा एस (जिवाणू ओळखायचे जनुक) असताना जिवाणू वाढवायच्या ब्लड अगारच्या प्लेटा ओतण्यात वेळच जातो. तेव्हा मी गप्प बसले. आता सविस्तर लिहिते.

त्या जनुकाचे मोल मी जाणते. सुमारे 1,500 बेसच्या या जनुकाचे काही भाग बहुतेक सगळ्या जिवाणूंत सारखे असल्यामुळे प्रायमरची, म्हणजे नक्कल सुरू करणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची, एकच जोडी पुरते आणि मधल्या नऊ बदलत्या भागांवरून ओळख पटते. 1907 साली वर्णन झालेल्या व्हिपल रोगाचा जिवाणू 1992 मध्ये असाच, प्लेटवर न वाढवता, ओळखला गेला.

पण माझी एक फजिती ऐक. वाशीहून ठाणे-बेलापूर रस्त्याने थर्मोकोलच्या डब्यात हृदयाच्या झडपेचा तुकडा आमच्याकडे आला होता. रुग्णाला दोन आठवडे प्रतिजैविके चालू असल्यामुळे कल्चरमध्ये काहीच वाढले नाही. पीसीआर केला, म्हणजे त्या जनुकाच्या असंख्य नकला काढल्या, जेलवर ठसठशीत बँड (त्या नकलांचा पट्टा) आला आणि सिक्वेन्स निघाला राल्स्टोनियाचा, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या, अभिकर्मकांतही सापडणाऱ्या जिवाणूचा. मी रिपोर्ट लिहायलाच बसले होते. मॅडमनी जेलचा फोटो उजेडाकडे धरला आणि शेवटच्या लेनवर (जेलवर प्रत्येक नळीची एक रांग असते, ती) बोट ठेवले: नुसते पाणी घातलेल्या नळीतही फिकट बँड होता. तो मी पाहिला होता, पण मनावर घेतला नव्हता (हेच अधिक लाजिरवाणे).

नव्या किटने पुन्हा केले, तेव्हा पाण्याची लेन कोरी राहिली आणि नमुन्यात स्ट्रेप्टोकोकस निघाला. तुकड्याच्या ग्रॅम स्टेनमध्ये जांभळ्या गोलाणूंच्या माळा आधीच दिसल्या होत्या. त्या स्लाइडशी राल्स्टोनियाचा मेळ बसतच नव्हता, कारण तो ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे या स्टेनमध्ये गुलाबी दिसणारा, दंडाणू. तरीही स्ट्रेप्टोकोकसची कोणती जात, मायटिस की न्यूमोनिए, हे सोळा एसवरून ठरेना, कारण दोघांचे हे जनुक जवळजवळ एकसारखे असते. मॅडमनी रिपोर्टमध्ये गटापुरतेच नाव लिहायला लावले. शिवाय पेनिसिलिन लागू पडेल का, या डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नाला त्या सिक्वेन्समध्ये उत्तर नव्हते. त्यासाठी वाढलेली वसाहतच हवी होती, आणि ती आमच्याजवळ नव्हती.

परवा तू व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या जेलच्या फोटोत शेवटची लेन कापली गेली आहे. पूर्ण फोटो पाठव.

तुझी
आई