भरवशावर रिकाम्या झालेल्या खोल्या

महोदय,

मुंबईतील उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींच्या रखडलेल्या पुनर्विकासाची चर्चा बहुधा चटईक्षेत्र निर्देशांकापाशी, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल या हिशेबापाशी सुरू होऊन तिथेच संपते. भेंडी बाजाराकडे पाहिले, तर खरी मेख वेगळीच असल्याचे जाणवते. सुमारे १६.५ एकरांवरील २५० च्या आसपास जुन्या इमारती, त्यांतील जवळपास ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने एवढा पसारा दाऊदी बोहरा समाजाचे तत्कालीन धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुरहानुद्दीन यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये स्थापन झालेल्या सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने अंगावर घेतला. पहिल्या टप्प्यातील मनोऱ्यांत जुनी बिऱ्हाडे परतलीही आहेत. सार्वजनिक संडासापुढे रांग लावण्यात आयुष्य गेलेल्यांना घरातच संडास मिळाला.

यात पैसा लागलाच. पण पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे मोजून अल्प भाड्यात वर्षानुवर्षे राहणाऱ्या भाडेकरूला खोली सोडायला राजी करणे त्याहून अवघड. आमच्या गिरगावातील चाळीच्या जिन्याला टेकू लागून नऊ वर्षे झाली, मोडक्या कठड्याच्या जागी बांधलेला दोरखंड धरून म्हातारी माणसे चढतात, तरी कोणी हलत नाही. कारण नवे घर मिळेपर्यंत म्हणून संक्रमण शिबिराच्या तात्पुरत्या खोलीत गेलेला माणूस तिथेच म्हातारा होतो, हे प्रत्येकाने कुठल्या तरी नातेवाइकाच्या घरी पाहिलेले आहे. भेंडी बाजारात शब्द देणारी मंडळी मशिदीत आणि लग्नकार्यात रोज भेटणारी होती. कार्यालयाला कुलूप लावून ती नाहीशी होणार नव्हती.

अर्थात, या भरवशालाही मर्यादा आहेत. याच प्रकल्पातील हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली. काही कुटुंबे आधी हलवलेली असूनही तिथे वस्ती उरली होती. शिवाय बोहरा नसलेल्या भाडेकरूने धर्मगुरूंच्या शब्दावर का विसंबावे? त्याला नोंदणीकृत करारच हवा.

म्हणून अशा अनेक इमारतींच्या एकत्रित, म्हणजे समूह पुनर्विकासाला परवानगी देताना शासनाने पर्यायी घराच्या भाड्याची रक्कम विकासकाकडून आगाऊ बँकेत ठेवून घ्यावी आणि बिऱ्हाडे हलवण्यापूर्वीच्या बैठका वस्तीतल्याच विहारात, मशिदीत किंवा भजनी मंडळाच्या खोलीत, तेथील विश्वस्तांना साक्षीदार करून घ्याव्यात. आमच्या चाळीची शेवटची बैठक विकासकाच्या वातानुकूलित कार्यालयात झाली होती. साठांपैकी अकरा भाडेकरू आले होते.

– एक भाडेकरू, गिरगाव, मुंबई