एटीव्हीचे लांब सीट दोघांसाठी नसते

महोदय,

मुरबाड, शहापूर, कर्जत पट्ट्यातल्या रिसॉर्टवर एटीव्हीची, म्हणजे जाड टायरच्या, हँडलवर चालणाऱ्या चारचाकी उघड्या गाडीची, फेरी आता सर्रास मिळते. ठाणे-नवी मुंबईतून सुट्टीला जाणाऱ्या बहुतेकांना दुचाकी येते आणि घोळ नेमका तिथेच होतो. तोल जातोय असे वाटले की दुचाकीस्वाराचा पाय आपसूक जमिनीला टेकतो. एटीव्हीवर तोच पाय मागच्या चाकाखाली जातो. पाय फूटरेस्टवरून हलवायचा नाही, ही पहिली सूचना हवी. प्रत्यक्षात "अंगठ्याने रेस, हा ब्रेक, निघा" एवढ्यावर भागवले जाते.

त्याहून वाईट म्हणजे डबलसीट. एकट्यासाठीच्या एटीव्हीचे सीट लांब असते, ते चालवणाऱ्याला चढावर पुढे आणि उतारावर मागे सरकता यावे म्हणून. मागे माणूस बसवला की त्याचे वजन मागच्या ॲक्सलवर किंवा त्याच्याही मागे पडते. चढावर रेस दिली की पुढची चाके उचलतात आणि दोन-अडीचशे किलोचे धूड दोघांच्या अंगावर पालथे होते. चढ लो गिअरमध्ये, पुढे झुकून, एकसारख्या रेसवर चढायचा. गाडी मध्येच थांबून मागे घरंगळू लागली तर नुसता मागचा ब्रेक करकचून दाबू नये. गाडी तिथेच मागे उलटते. आधी पुढचा ब्रेक, गाडी थांबली की मागचा आणि पार्किंग ब्रेक, मग चढाच्या बाजूने उतरायचे. किल स्विचची, म्हणजे चालक पडला की ओढली जाऊन इंजिन बंद करणारी, दोरी मनगटाला बांधलेली असावी. हँडलला गुंडाळून ठेवलेल्या दोरीचा उपयोग शून्य.

टायरकडे तर कुणी बघतच नाही. मोटारीला तीसच्या आसपास पीएसआय हवा लागते, एटीव्हीला बहुधा चार ते सात. नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. मोटारीच्या गेजवर इतका कमी दाब नीट कळत नाही, म्हणून अंदाजाने हवा भरली जाते, तीही पंक्चर टाळायला जास्तच. टणक टायर दगडावर उडतो, पकड सोडतो. डाव्या-उजव्या टायरमध्ये एक-दोन पीएसआयचा फरक पडला तरी गाडी एका बाजूला ओढते. कमी दाबाचा गेज महाग नसतो. टायर थंड असताना रोज सकाळी चारही चाके तपासावीत.

ओढ्यात पाणी फूटरेस्टच्या वर असेल तर गाडी घालू नये. ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा बेल्ट असतो; त्याच्या डब्यात पाणी शिरले की बेल्ट घसरतो, रेस वाढते पण गाडी हलत नाही. रेटत राहिले तर बेल्ट जळतो. डब्याचा ड्रेन प्लग उघडून पाणी काढावे, न्यूट्रलमध्ये थोडी रेस देऊन बेल्ट वाळवावा. ब्रेकही हलके दाबत सुकवून मगच उताराला लागावे.

९० सीसीवरील गाडी १६ वर्षांखालील मुलांनी चालवू नये, असे अनेक उत्पादक गाडीवरच लिहितात. तो स्टिकर खरवडून टाकलेला दिसला तर पैसे देऊ नयेत.

राहिला प्रश्न वाटांचा. ठाण्याजवळच्या येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार तिथे परवानगीशिवाय शिरताच येत नाही, गाडी नेणे दूरच. नोंदणी नसलेली गाडी गावच्या रस्त्यावर आणणेही मोटार वाहन कायद्यात बसत नाही. उद्यानाबाहेरच्या डोंगरांवरही पावसाळ्यात फेऱ्या बंदच हव्यात. मुरमाच्या उतारावर चाकोरी पडली की पुढच्या सरीत तिची नाली होते, आणि त्याच वाटेने पाड्यावरच्या मुलांना शाळेत जायचे असते. फेऱ्या रिसॉर्टच्या स्वतःच्या जागेत, आखलेल्या ट्रॅकवरच व्हाव्यात. स्थानिक प्रशासनाने परवानगी देताना ही अट घालावी आणि दरफलकावर गाडीचा सीसी, वयाची अट व "डबलसीट नाही" हे लिहिणे सक्तीचे करावे.

– एटीव्ही दुरुस्ती करणारे काही मेकॅनिक, ठाणे (पश्चिम)