खिंड बुजवण्यापूर्वी

प्रिय विन्या,

फोटोत तू ओठ मिटून का हसतोस, ते तुझ्या पत्रावरून कळलं. वरचा पुढचा एक दात आणि खाली डावीकडच्या शेवटच्या दोन दाढा गेल्या! काय करू ते एका वाक्यात सांग म्हणतोस. नाही जमणार.

आधी माझी फजिती ऐक. माझी एकच दाढ गेली होती. शेजारच्या दोन्ही दाढा ठणठणीत. त्या कानशीने घासल्यासारख्या घासून खुंट केल्या आणि त्या खांबांवर तीन दातांचा ब्रिज, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या तीन कॅपांचा पूल, चढवला. आठ वर्षं मजेत चावलं. पण ब्रिजच्या खालून धागा घालून रोज साफ करायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कॅपखाली कीड लागली, एक खांब गेला, त्याच्याबरोबर ब्रिजही. एक दाढ भरून काढायला गेलो आणि दुसरी गमावली. तेव्हापासून मी गेलेल्या दाताआधी शेजारच्यांची चौकशी करतो. त्यांचं रूट कॅनॉल झालेलं असेल, नाहीतरी कॅप लागणारच असेल, तर ब्रिज खुशाल कर. धडधाकट दात मात्र घासू देऊ नकोस.

तुझ्या दाढांच्या मागे खांबच नाही, त्यामुळे तिथे नेहमीचा ब्रिज बसणारच नाही. मग उरलं इम्प्लांट, काढती कवळी किंवा काहीच न करणं. हसू नकोस, तोही पर्याय आहे. नेदरलँड्सच्या दंततज्ज्ञ केयसर यांनी १९८१ साली मांडलं होतं की पुढचे दात आणि उपदाढा (दाढांच्या अलीकडच्या लहान दाढा) शाबूत असतील तर पुष्कळांचं चावणं निभतं. फक्त समोरची वरची दाढ खाली उतरत नाही ना, यावर लक्ष ठेवावं लागतं.

पुढच्या दातासाठी मेरीलँड ब्रिजबद्दल विचार. खोट्या दाताचा एक पातळ पंख शेजारच्या दाताच्या पाठीला चिकटवतात, दात जवळजवळ घासावाच लागत नाही. कधी निघालाच तर बहुधा पुन्हा चिकटवता येतो. झोपेत दात खात असशील तर मात्र तो टिकणं कठीण.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियम निघेचना, तिथून ही कल्पना सुचली. १९६५ साली पहिल्या माणसाला तसे दात बसवले. हाड स्क्रूला धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, म्हणून घाई करून चालत नाही. उशीरही नको, कारण दात काढल्यावर पहिल्या वर्षातच तिथलं हाड सगळ्यात जास्त झिजतं. रक्तातली ताब्यात नसलेली साखर आणि सिगारेट हे इम्प्लांटचे वैरी. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून औषध घेत असशील तर तेही आधीच सांग.

काढती कवळी मी चार महिने वापरली. पहिला आठवडा 'स' म्हणताना शिट्टी वाजायची. स्वस्त पडते, शेजारचे दात घासून खुंट करावे लागत नाहीत, पण जेवताना हलते आणि दाताला धरणारा तिचा आकडा दिसतो. रात्री काढून पाण्यात ठेवायची, सुकली तर वाकडी होते. इम्प्लांट रुजेपर्यंत पुढच्या दाताला ती बरी.

एक्स-रे काढलास की मला पाठव. आणि दिवसाला किती सिगारेटी, ते डॉक्टरांना खरं सांग. तुझा 'दोन-तीन' म्हणजे किती असतो, हे मला ठाऊक आहे.

तुझाच,
बाळ्या