तुमचा उंच ग्लास अजून माझ्याकडेच आहे

शेजारच्या आजींना सप्रेम नमस्कार,

पत्र मराठीत आहे. लेक तुम्हाला इंग्रजी करून वाचून दाखवील. मला मनापासून आभार मानायला हीच भाषा जमते.

डॅलसच्या स्टेट फेअरमध्ये लेकीने फ्लेचर्सचा कॉर्नी डॉग खाल्ला आणि घरी येऊन तोच धोशा लावला. त्या जत्रेत वर्षानुवर्षं विकला जाणारा, मक्याच्या पिठात बुडवून तळलेला तो काडीवरचा सॉसेज. मला वाटलं, जन्मभर बटाटेवडे तळले, त्यात हे काय अवघड!

कॉर्नफ्लोअर आणलं. म्हणजे आपल्याकडे मंचुरियनला लागतं ते पांढरंशुभ्र. वर सवयीने कडकडीत तेलाचं मोहनही घातलं. पीठ घसरून कढईच्या तळाशी, आणि काडीवर सॉसेज उघडाच. धुराचा भोंगा वाजला तशा तुम्ही घरातल्या सपाता घालूनच आलात. हसला नाहीत, त्याचे आभार आधी.

मग तुम्ही घरून रवाळ, पिवळं मक्याचं पीठ आणि हा ग्लास आणलात. त्या पिठाइतकाच मैदा, बेकिंग पावडर, साखर, मीठ, अंडं, ताक. वड्याच्या पिठाहून घट्ट भिजवून दहा मिनिटं झाकून ठेवायचं. इथवर मलाही सुचलं असतं एखादवेळी. पण सॉसेज कागदाने टिपून अगदी कोरडा करायचा, मैद्यात घोळवून जास्तीचा झटकायचा, हे कुठून सुचणार? ओल्या सॉसेजला पीठ धरत नाही. मी तर पाकिटातून काढून तसाच बुडवला होता! ग्लासात उभा बुडवायचा, फिरवत वर काढायचा, की चहूबाजूंनी सारखं पीठ लागतं. काडी धरून काही क्षण तेलात ठेवायचा, पीठ आवळलं की सोडायचा.

तुमच्या थर्मामीटरने ३५० फॅरनहाइट दाखवलं, तेव्हाच माझा पिठाचा थेंब तडतडत वर आला. त्याचा मला अजून अभिमान आहे.

पिवळ्या मोहरीच्या सॉसऐवजी मी लसणाची चटणी पुढे केली, तेव्हा नाक मुरडलंत. पण दुसऱ्यांदा चटणी तुम्हीच मागितलीत, हे लेकीने पाहिलंय.

ग्लास धुऊन ठेवलाय. आमच्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून दिवाळीच्या शंकरपाळ्यांपर्यंत थांबा.

तुमची,
भिंतीपलीकडची शेजारीण