कार्बन फायबरचे भाग मागवताना दिशा लिहून द्या

मा. संपादक,

जुन्या यंत्रमागांचे बाजारात न मिळणारे सुटे भाग थ्रीडी प्रिंटिंगने करून घेता येतात, हे खरे. पण ‘कार्बन फायबरवाले नायलॉन वापरा, मजबूत असते’ एवढ्यावर ऑर्डर देणे धोक्याचे आहे. सोलापुरातल्या कारखानदारांनी आधी पुढील गोष्टी पाहाव्यात.

लेसरने पावडर वितळवून थरावर थर छापण्याच्या पद्धतीत नायलॉन-१२ च्या पावडरीत कार्बनचे बारीक तुकडे मिसळलेले असतात. जाडी सुमारे ७ मायक्रॉन, लांबी मिलिमीटरचा साधारण दहावा हिस्सा. रोलर ही पावडर ०.१ मिमीच्या थरात पसरतो आणि लेसर हवा तेवढाच भाग वितळवतो. पसरताना बहुतेक तुकडे रोलर सरकतो त्या दिशेने आडवे पडतात. एका थरातून दुसऱ्यात उभे शिरणारे फारच थोडे, म्हणजे थरांच्या सांध्यात पकड उरते ती फक्त नायलॉनची. एखादा ब्रॅकेट उभा छापला तर नेमका तिथेच तुटतो. म्हणून ड्रॉइंगवर भार कोणत्या दिशेने येतो ते बाण काढून दाखवा आणि ती दिशा रोलरच्या दिशेशी जुळवायला सांगा.

पिकरसाठी हे मटेरियल मुळीच नको. कार्बनने ताठपणा येतो, पण चिवटपणा जातो. धोट्याला सतत ठोसे देणाऱ्या भागाला तडे जाणारच. सूत घासून जाते तिथेही टाळावे. पृष्ठभाग खरखरीत असतो, तुकड्यांची टोके वर आलेली असतात, आणि टॉवेलच्या सुताला लव सुटते. सेन्सरचे ब्रॅकेट, गार्ड, हँडल यांना मात्र ते उत्तम.

छापणाऱ्याला जुनी पावडर किती टक्के मिसळली, हे जरूर विचारा. यंत्रातला पावडरीचा बेड १७० अंश सेल्सिअसच्या आसपास तासन्‌तास तापलेला असतो. त्यात न वितळलेली पावडरही जुनी होते, पुढच्या वेळी नीट वाहत नाही आणि भागावर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे दिसतात. साध्या नायलॉन-१२ ला निम्मी नवी पावडर घालण्याची पद्धत आहे. फायबरवाल्या पावडरीत आणखी एक अडचण असते: चाळताना तुकडे वेगळे होऊन प्रमाण बिघडू शकते. घाईने गरम असतानाच बाहेर काढलेला भाग वाकतो, तेव्हा ‘आजच द्या’ असा आग्रह धरू नका.

त्याच बॅचमध्ये रोलरच्या दिशेने, त्या दिशेला काटकोनात आणि उभी अशा ३ चाचणी-पट्ट्या छापून घ्याव्यात. टेन्साइल टेस्टिंग मशीन असलेल्या प्रयोगशाळेत त्या ओढून तोडाव्यात आणि तिन्ही आकडे बिलासोबत लेखी मागावेत.

– एक यांत्रिकी अभियंता, सोलापूर