चि. ईशास, रुजू होण्यापूर्वी

चि. ईशास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू एकाच फोनवर दोन बातम्या दिल्यास. सर्व क्रीडाकेंद्रांच्या संचालनप्रमुखपदी तुझी नेमणूक झाली, ही एक. आणि कामावर असताना चक्कर आली म्हणून डॉक्टरांनी आठवडाभर विश्रांती घ्यायला सांगितले आहे, ही दुसरी. पहिली तू सविस्तर सांगितलीस, दुसरी मात्र एका वाक्यात उरकलीस. मी दुसरीबद्दलच विचारत राहिले, तू चिडलीस आणि अभिनंदन करायचे राहूनच गेले. ते आज मनापासून करते. या पत्रात तुझ्या तब्येतीचा विषय काढायचा नाही, असे ठरवूनच लिहायला बसले आहे.

गळ्यात शिट्टी अडकवून तलावाच्या काठावर उभी राहणारी जीवरक्षक, मग लहान मुलांच्या वर्गाची शिक्षिका, मग कामाच्या एका पाळीची व्यवस्थापक, मग पूर्ण केंद्र, आणि आता हे पद. या क्षेत्रात वर जाणारी पुष्कळ माणसे अशी जमिनीवरूनच निघतात, पण अर्ध्या वाटेवर अडणारीही त्यांतलीच असतात, कारण मैदानावर उत्तम असणाऱ्याला अंदाजपत्रक वाचता येतेच असे नाही. तू नोकरी सांभाळून क्रीडाव्यवस्थापनाची पदवी घेतलीस, तेव्हा अनिता मावशी म्हणाली होती की कागदाने काय होणार. मला ते तेव्हाही पटले नव्हते. घसारा म्हणजे काय, दायित्व कोणावर येते, करारातल्या कोणत्या कलमावर बोट ठेवायचे, हे ठाऊक नसलेल्या माणसाला संचालक मंडळापुढे नुसत्या तळमळीवर किती वेळ उभे राहता येईल?

मला मात्र तुझ्या पदवीपेक्षा ती स्पर्धेची सकाळ अधिक आठवते. माझ्या शाळेचा संघ घेऊन मी तिथे आले होते. तू काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकलेस, नळी रंगांच्या तक्त्याशी धरून पाहिलीस आणि नोंदवहीत क्लोरीनचा आकडा लिहिलास. आकडा ठीक होता. तरीही तू खोल बाजूला जाऊन तळाची जाळी शोधत बराच वेळ वाकून उभी राहिलीस. पाणी गढूळ झाले होते आणि जाळी दिसत नव्हती. तळ दिसत नसेल तर तळाशी गेलेले मूलही दिसणार नाही, एवढे बोलून तू तलाव बंद केलास. प्रशिक्षक संतापले, पालक ओरडले, आणि तुझ्याहून दुप्पट वयाचा एक माणूस तुला तुझी जागा दाखवू लागला. तू आवाज चढवला नाहीस आणि निर्णयही बदलला नाहीस. त्या दिवशी मी तुझी ओळख कोणालाच सांगितली नाही, पण मला किती अभिमान वाटला होता, ते आता लिहून ठेवते.

नव्या पदावर तुला ती जाळी स्वतः पाहता येणार नाही. एवढ्या केंद्रांतले पाणी, एवढे जीवरक्षक, एवढ्या पाळ्या. सगळे तुझ्या नावावर असेल आणि बहुतेक तुझ्या नजरेआड घडेल. मला भीती वाटते ती इथेच. तू रात्री उठून नोंदी तपासणार, सुटीच्या दिवशी गाडी काढून शेवटच्या केंद्रापर्यंत जाणार, आणि पुन्हा कुठे तरी चक्कर येऊन पडणार. जीवरक्षकाने 10 सेकंदांत आपला भाग नजरेखालून घालायचा आणि पुढच्या 20 सेकंदांत बुडणाऱ्यापर्यंत पोहोचायचे, हा नियम तूच मला शिकवलास. त्याच्या जोडीचा दुसरा नियमही तुझ्याच तोंडून ऐकला आहे: थकलेला डोळा पाण्याकडे पाहतो, पण त्याला दिसत नाही, म्हणून ठरावीक वेळाने माणूस बदलायचाच. तो नियम हाताखालच्या प्रत्येकाला लागू आणि तुला नाही, असे का?

ठरवले होते त्याच्या उलट झाले. उपदेश झाला, त्याबद्दल क्षमा कर.

कामाचेच बोलते. पैशाचे दडपण तुला पहिल्याच महिन्यात जाणवेल. तलाव तापवायला आणि पाणी गाळत ठेवायला वीज लागते, तिचे बिल पोहणारे कमी आले म्हणून कमी होत नाही. व्यायामशाळेच्या वर्गणीतून ती तूट भरून काढावी लागते, आणि वर्गणीदार तर आज येतात, उद्या सोडून जातात. मॉन्ट्रियलने 1976 च्या ऑलिंपिकसाठी स्टेडियम बांधले, त्याचे कर्ज फिटायला 2006 साल उजाडले. तेव्हा कोणी नवी इमारत सुचवली, तर ती तीस वर्षे चालवणार कोण, हे आधी विचार. कपात करायची वेळ आली की कोणी तरी जीवरक्षकांच्या संख्येकडेच बोट दाखवेल, आणि त्या बैठकीत पाण्याजवळ कधी काळी उभी राहिलेली तू एकटीच असशील.

दुसरी गोष्ट तक्रारींची. 2018 च्या जानेवारीत अमेरिकेतील जिम्नॅस्टिक्स संघाच्या डॉक्टरने केलेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल दीडशेहून अधिक मुली आणि स्त्रिया न्यायालयात बोलल्या. त्यांतल्या काहींनी कितीतरी वर्षे आधी मोठ्यांना सांगितले होते. मी आयुष्यभर मुलींना खेळ शिकवला, त्यामुळे ती बातमी मला वाचवत नव्हती. एखादी मुलगी काही सांगायला आली, तर ते तुझ्यापर्यंत किती हातांतून पोहोचते, हे पहिल्या आठवड्यातच पाहून ठेव. हे मात्र कितीही थकलीस तरी दुसऱ्यावर सोपवू नकोस.

आणि जी माणसे तुमच्या दारापर्यंत येतच नाहीत, त्यांचाही विचार कर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 साली जगातील सुमारे 31 टक्के प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम, एवढीच ती अपेक्षा आहे. हा आकडा वाचला की माझ्या तासाला पायऱ्यांवर बसून राहणाऱ्या मुली डोळ्यांसमोर येतात. पोटात दुखते अशी चिठ्ठी आणायच्या. मी मैदानावर फक्कीने रेषा आखत असले की त्यांतली एखादी हळूच येऊन दोरी धरायची, आणि तेवढ्यापुरती का होईना, मैदानभर चालायची. पदके जिंकणाऱ्यांची नावे फलकावर लागतात. या मुली कोणत्या अहवालात येतात, मला माहीत नाही. तुझ्या अहवालात त्या याव्यात, अशी माझी इच्छा आहे.

2025 मध्ये कर्स्टी कॉव्हेंट्री आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्ष झाल्या, तेव्हा तू मला मध्यरात्री संदेश पाठवला होतास. 1894 पासूनच्या त्या पदावर पहिल्यांदाच एक स्त्री बसली, आणि तीही तुझ्यासारखीच पाठीवर पोहणारी. तू तिथवर जावेस असे मी म्हणत नाही. जाऊ नयेस असेही म्हणत नाही. पण तो संदेश मध्यरात्री का आला, तू तेव्हा जागी का होतीस, हेच मी त्या वेळीही विचारले होते.

रुजू होण्याची तारीख आठवडाभर पुढे ढकलून माग. नेमणूक करणारे त्याने नाराज होणार नाहीत, आणि झालेच तर ते आधी कळलेले बरे. प्रत्येक केंद्राच्या प्रमुखाला स्वतः तलाव बंद करण्याचा अधिकार लेखी दे, म्हणजे रात्रीच्या प्रत्येक निर्णयासाठी तुला उठवावे लागणार नाही. पहिल्या बैठकीचा ताळेबंद दादाला दाखव. घराच्या प्रकरणावरून त्याचा राग आता उरलेला नाही, फोन करायला तो तुझीच वाट पाहतो आहे. डॉक्टरांनी पुढची तपासणी कधी सांगितली आहे तेवढे कळव, त्या दिवशी मी तिकडे येईन.

तुझी,
आई